अंतर कोणी पाडले?

उत्पत्तीच्या पुस्तकातील तिसरा अध्याय वाचताना त्यातल्या एका क्रमाकडे बहुधा आपले लक्ष जात नाही. आदाम आणि हव्वा यांनी मना केलेले फळ खाल्ले आणि देवाने त्यांना बागेबाहेर काढले, अशी ही कथा आपण सांगतो आणि ऐकतो. पण या दोन घटनांच्या मध्ये काही ओळी आहेत. फळ खाल्ल्यावर त्या दोघांना आपण नग्न असल्याचे कळते, ते अंजिराची पाने जोडून कमरेला गुंडाळतात, आणि दिवसाच्या थंड वाऱ्याच्या वेळी बागेत फिरणाऱ्या परमेश्वराची चाहूल लागताच झाडांच्या आड लपतात. अजून कोणी कोणाला शाप दिलेला नाही, कोणी कोणाला हाकललेले नाही. तरी अंतर पडलेले आहे, आणि ते माणसाने पाडले आहे. देव बागेत आलेला आहे. जागेवर नाही तो माणूस. म्हणूनच पाप केलेल्या माणसाशी देव बोलतो ते या ग्रंथातले पहिले वाक्य आरोपाचे नाही, विचारणेचे आहे : तू कोठे आहेस?

पापामुळे माणूस देवापासून दुरावतो, हे ख्रिस्ती विश्वासातले पायाभूत विधान आहे. संडे स्कूलमधल्या मुलांनाही ते पाठ असते. सुवार्तेच्या छोट्या पत्रिकांवर त्याचे एक ठरलेले चित्र असते : दोन कडे, मध्ये खोल दरी, एका कड्यावर माणूस, दुसऱ्यावर देव, आणि दरीवर आडवा टाकलेला क्रूस. त्या चित्राने अनेकांना विश्वासाच्या वाटेवर आणले आहे आणि मला त्याविषयी आदर आहे. परंतु वय वाढत गेले तसे त्या चित्रात काहीतरी राहून गेले आहे असे मला वाटू लागले. त्यात देव पलीकडच्या कड्यावर स्थिर उभा आहे. पवित्र शास्त्र उघडले तर तो असा उभा राहिलेला सहसा आढळत नाही. तो बागेत शोधत येतो, मिसरातल्या गुलामांचा आक्रोश ऐकून खाली उतरतो, रानात त्यांच्या तंबूंमध्ये आपलाही तंबू ठोकायला सांगतो, आणि शेवटी गालीलच्या धुळीतून चालतो. दरी खरी आहे आणि तिची खोली कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण ती कोणी खणली आणि ती नेमकी कोठून जाते, हे प्रश्न मला टाळता येत नाहीत.

आदामाचे उत्तर थांबून वाचावे असे आहे. तो म्हणतो, तुझा आवाज ऐकला आणि मी भ्यालो. ज्याने आपल्या नाकपुड्यांत श्वास फुंकला त्याचीच भीती वाटणे, हे पापाचे पहिले फळ. दुसरे फळ लगेच त्याला लागून येते : तू मला दिलेल्या स्त्रीने ते फळ मला दिले, असे म्हणून आदाम एका वाक्यात पत्नीलाही दोषी ठरवतो आणि देवालाही. थोड्याच ओळींपूर्वी हीच स्त्री त्याच्या हाडातले हाड होती. देवापासून तुटणे आणि शेजारच्या माणसापासून तुटणे या दोन स्वतंत्र घटना नाहीत हे कथा इथेच सांगून टाकते, आणि पुढच्याच अध्यायात काइन हाबेलाला शेतात गाठून ठार मारतो तेव्हा ते रक्ताने लिहिले जाते. 'तुझा भाऊ कोठे आहे?' हा काइनाला विचारलेला प्रश्न म्हणजे आदामाला विचारलेल्या प्रश्नाचाच उरलेला अर्धा भाग आहे, असे मला नेहमी वाटते.

बागेतून घालवून देणे ही शिक्षा आहे, यात शंका नाही. तथापि दुसऱ्या शतकातले लियोंचे बिशप इरेनियस यांनी या शिक्षेत दया पाहिली. जीवनाच्या झाडापासून देवाने माणसाला दूर ठेवले ते मत्सराने नव्हे. पापी अवस्थेतच माणूस अमर झाला असता तर त्याच्या पापाला कधी अंतच उरला नसता, म्हणून मृत्यू मध्ये घालून देवाने पापाला सीमा घातली, असे त्यांचे म्हणणे होते. आणि घालवून देण्यापूर्वी देव त्या दोघांसाठी चामड्याची वस्त्रे करतो व त्यांना ती घालतो. अंजिराची पाने फार काळ टिकणार नव्हती हे त्याला माहीत होते.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात आलेले इंग्रज जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ही कथा मराठी ओवीत आणली. १५७९ मध्ये ते गोव्याला पोहोचले आणि १६१६ मध्ये राशोल येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ ख्रिस्ताच्या जन्मापासून सुरू होत नाही. त्याचा पहिला भाग सृष्टीच्या उत्पत्तीपासून, आदाम आणि हव्वेच्या पतनापासून, इस्राएलाच्या दीर्घ प्रतीक्षेपर्यंत जातो आणि तारक येतो तो दुसऱ्या भागात. गोव्यातल्या सासष्टी भागातल्या ज्या माणसांच्या कानांत पुराणकथनाची लय होती, त्यांना तारणाची वार्ता सांगण्याआधी काय हरवले होते ते सांगायला हवे, हे स्टीफन्स यांनी ओळखले होते. ताटातुटीची कथा ऐकल्याशिवाय भेटीचा आनंद कसा कळावा?

काय हरवले, याचे उत्तर मात्र ख्रिस्ती परंपरेत एकसारखे दिले गेलेले नाही. उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावी ३५४ मध्ये जन्मलेल्या ऑगस्टीन यांनी आपल्या सोळाव्या वर्षातली एक चोरी पुढे बिशप झाल्यावर लिहून ठेवली. मित्रांबरोबर रात्री एका झाडाची नाशपतीची फळे त्यांनी पाडली, थोडी चाखली आणि बाकीची डुकरांपुढे टाकली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. त्यांना ओढ होती ती फळाची नव्हती, तर मना केलेले करण्याची होती. या क्षुल्लक चोरीवर ते पानेच्या पाने लिहितात याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. कारण नसलेले पाप हेच पापाचे स्वरूप सर्वांत उघडे करून दाखवते, कारण तिथे परिस्थितीकडे बोट दाखवता येत नाही. माणसाची इच्छाच वाकलेली आहे आणि ती स्वतःच्या बळावर सरळ होत नाही, ही ऑगस्टीन यांची शिकवण, माणूस स्वतःच्या इच्छाबळाने पाप टाळू शकतो असे मानणाऱ्या पेलागियस यांच्याशी झालेल्या वादात धारदार झाली, ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने तिला दुजोरा दिला, आणि पुढे पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात कॅथोलिक व प्रोटेस्टंट दोघांनीही ती आपापल्या परीने स्वीकारली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या आदामाचा अपराध आपल्या माथी येतो असे मानत नाहीत. आपल्या वाट्याला येते ते मरण, आणि मरणाच्या भयातून येणारा विकार, असे त्या म्हणतात. त्यांच्या लेखी पाप हा आधी आजार आहे आणि मग गुन्हा. डोळे आलेल्या माणसाला उजेड सहन होत नाही, म्हणून उजेड त्याचा शत्रू ठरत नाही. देवाच्या सान्निध्याचेही पापी माणसाला असेच होते. या दोन परंपरांपैकी एकच निवडण्याची मला गरज वाटत नाही. गुन्ह्याला क्षमा लागते, आजाराला वैद्य लागतो, आणि शुभवर्तमानांतला येशू पक्षाघाती माणसाला 'तुझ्या पापांची क्षमा झाली आहे' आणि 'ऊठ, चालू लाग' ही दोन्ही वाक्ये एकाच घरात, एकाच खाटेपाशी उच्चारतो.

अंतराचे सर्वांत ठसठशीत रूप पाहायचे असेल तर मात्र यरुशलेमेच्या मंदिराकडे जावे लागते. येशूच्या काळातले हेरोदाचे मंदिर म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मर्यादांची रचना होती. बाहेरच्या प्रशस्त अंगणात कोणीही येऊ शकत असे. त्यानंतर दगडी कठडा होता, आणि त्यावर परक्यांनी पुढे येऊ नये, जो पुढे सापडेल तो आपल्या मृत्यूला स्वतः जबाबदार राहील, अशा अर्थाच्या ग्रीक व लॅटिन पाट्या होत्या. त्यांपैकी एक ग्रीक शिलालेख १८७१ मध्ये यरुशलेमेत सापडला आणि तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. कठड्याच्या आत स्त्रियांचे अंगण, त्यापुढे इस्राएली पुरुषांची जागा, त्यापुढे याजकांची, मग पवित्रस्थान, आणि सर्वांत आत, पडद्यामागे, परमपवित्रस्थान. तिथे वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकटा मुख्य याजक जाई. तोही आपली भरजरी वस्त्रे उतरवून, साधी तागाची वस्त्रे घालून, धूपाच्या धुराचा आडोसा करून. त्याच दिवशी एका जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची सारी पापे उच्चारली जात आणि त्या बकऱ्याला रानात सोडून दिले जाई. माणूस आणि देव यांच्यामध्ये जे येते ते कोणीतरी उचलून दूर नेले पाहिजे, ही जाणीव याहून स्पष्टपणे कशी मांडता येईल, मला माहीत नाही.

त्या पडद्यावर करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय रक्षक, विणलेले असत. निर्गमच्या पुस्तकात निवासमंडपाच्या, म्हणजे रानातल्या देवाच्या त्या तंबूच्या, पडद्याची जी आज्ञा आहे तिच्यात निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुताबरोबर करूबांचाही स्पष्ट उल्लेख आहे. करूब याआधी आपल्याला भेटलेले असतात ते एदेन बागेच्या पूर्वेला, फिरत्या ज्वालामय तलवारीसह, जीवनाच्या झाडाची वाट राखताना. मंदिराचे दारही पूर्वेकडेच उघडत असे. म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी करूबांचा पडदा बाजूला सारून पश्चिमेकडे चालत जाणारा तो एक माणूस, आदाम ज्या वाटेने बाहेर पडला तीच वाट उलटी चालत होता. वर्षातून एकदा, साऱ्या लोकांच्या वतीने, काही क्षणांपुरता. आणि आत काय होते? कराराचा कोश, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, पहिल्या मंदिराच्या नाशानंतर पुन्हा दिसला नाही. इसवी सन पूर्व ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे यरुशलेम जिंकून त्या दालनात शिरला तेव्हा त्याला तिथे कोणतीही मूर्ती दिसली नाही. रोमन लोकांना त्या रिकामेपणाचे नवल वाटले. परंतु ज्या लोकांनी ते दालन उभारले होते त्यांना त्याच्या रिकामेपणाची नव्हे, पवित्रतेची धास्ती होती.

पवित्रता म्हणजे राग, असा एक समज आपल्या उपदेशांतून कळत नकळत रुजत गेला आहे, आणि तो मला घातक वाटतो. यशया संदेष्ट्याला मंदिरात परमेश्वराचे दर्शन होते तेव्हा तो 'मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे' असे म्हणत आपला अंत ओढवला असे समजतो. त्यावर वेदीवरचा निखारा येतो, पण तो भस्म करायला नव्हे. तो ओठांना लागतो आणि पाप दूर झाल्याचे सांगितले जाते. शतकांनंतर गनेसरेतच्या सरोवरात जाळी फाटायला येईपर्यंत मासे लागतात, तेव्हा पेत्र येशूच्या पाया पडून म्हणतो, प्रभू, माझ्यापासून जा, मी पापी मनुष्य आहे. आदाम झाडाआड गेला, पेत्र देवालाच जायला सांगतो. धडपड तीच आहे. येशू जात नाही. भिऊ नकोस म्हणतो आणि त्याला कामाला लावतो.

पण कोणते पाप अंतर पाडते? 'तुमच्या अधर्मांनी तुम्हांला तुमच्या देवापासून वेगळे केले आहे' या आशयाचे वचन यशयाच्या एकोणसाठाव्या अध्यायात आहे आणि या विषयावरच्या बहुतेक प्रवचनांचा तो आधार असतो. दुर्दैवाने ते वचन एकटेच उचलले जाते. त्याच्या पुढचीच ओळ रक्ताने माखलेल्या हातांची आहे, त्यानंतर खोटे बोलणाऱ्या जिभेची, त्यानंतर न्यायासाठी कोणी न्यायाने दावा लावत नाही याची. त्याआधीच्या अख्ख्या अध्यायात उपास करणाऱ्या भक्तांची तक्रार आहे की आम्ही उपास करतो आणि देव पाहत नाही. आणि देवाचे उत्तर आहे की उपासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या मजुरांना राबवून घेता, मला हवा असलेला उपास म्हणजे जुवाचे बंध सोडणे, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे, निराश्रिताला घरी आणणे. तेव्हा यशयाने सांगितलेली भिंत केवळ खाजगी विकारांची नाही. न्यायालयाच्या ओसरीवर, मजुरीच्या हिशेबात, शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर ती रचली जाते, आणि मग प्रार्थना करायला बसल्यावर ती आडवी येते.

आमच्या नगर जिल्ह्यातल्या गावी माझी आजी प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या, रविवारच्या आदल्या संध्याकाळी एक गोष्ट न चुकता करीत असे. कोणाशी बोलाचाली झाली असेल, आणि खेड्यात ती बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून होतच असे, तर ती पदर सावरून त्या घरी जाई. चूक कोणाची याचा ती हिशेब काढत नसे. घरातल्या थोरल्यांना हे कमीपणाचे वाटे. एकदा माझ्या आजोबांनी तिला 'तू कशाला जातेस, त्यांनी यावं' असे म्हटल्याचे मला आठवते. ती म्हणाली, 'उद्या त्या भाकरीला हात लावायचाय मला.' डोंगरावरच्या प्रवचनात येशूने सांगितलेच आहे की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर. कॅथोलिक मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी शेजारच्याला शांतीचे चिन्ह देतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे. आजीने देवशास्त्र वाचलेले नव्हते, पण देवाकडे जाणारी वाट बांधावरून जाते हे तिला पक्के ठाऊक होते.

दाविदाचे एकावन्नावे स्तोत्र यामुळेच मला बरीच वर्षे अडखळवत असे. उरीया हित्ती या आपल्या निष्ठावंत सैनिकाची पत्नी राजाने घेतली, ते झाकण्यासाठी त्याला लढाईच्या तोंडी देऊन मारवले, आणि पश्चात्तापाच्या या स्तोत्रात तो देवाला म्हणतो की मी केवळ तुझ्याविरुद्ध पाप केले आहे. केवळ तुझ्याविरुद्ध? मग उरीया कोठे गेला? उलगडा झाला तो नाथान संदेष्ट्याच्या गोष्टीने. नाथान राजापुढे आज्ञांची यादी वाचत नाही; तो एका गरिबाची गोष्ट सांगतो, ज्याची एकुलती एक मेंढी त्याच्या ताटातले खाई, त्याच्या कुशीत निजे, आणि शेजारच्या श्रीमंताने आपल्या पाहुण्यासाठी तीच मारली. राजा संतापतो, आणि नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. ज्या देवाला त्या मेंढीचा हिशेब ठाऊक आहे त्या देवाविरुद्ध दाविदाने पाप केले आहे. तो देव उरीयाच्या जागी उभा आहे. म्हणून 'केवळ तुझ्याविरुद्ध' या शब्दांत उरीया गळून पडत नाही, तर देवाच्या कुशीत दिसू लागतो; आणि त्याच स्तोत्रात दावीद राज्य मागत नाही, आयुष्य मागत नाही, आपल्या सान्निध्यातून मला घालवून देऊ नकोस एवढे मागतो.

लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांचा दाखला याच धाग्याचा आहे. मरणानंतर त्या दोघांमध्ये मोठी दरी ठेवलेली आहे आणि कोणालाही ती ओलांडता येत नाही. जिवंतपणी मात्र त्यांच्यामध्ये फक्त एक दार होते. लाजर त्या दाराशी फोडांनी भरलेल्या अंगाने पडून असे आणि दार आतून उघडण्यासारखे होते. मन सुन्न करणारी गोष्ट अशी की यातना भोगतानाही श्रीमंताला लाजराचे नाव आठवते, तरी तो त्याच्याशी बोलत नाही. त्याला पाणी घेऊन पाठव असे अब्राहामाला सांगतो. चाकर समजण्याची सवय मरणानेही गेलेली नाही. नरकाविषयीची भयंकर वर्णने मी पुष्कळ ऐकली आहेत, पण या एका तपशिलाइतके भय मला कशाचेच वाटलेले नाही. आपल्याकडच्या मंडळ्यांनी तर हा दाखला वारंवार वाचायला हवा. एका भाकरीचे वाटेकरी म्हणवणाऱ्यांनी जातीची दारे शाबूत ठेवली, गोव्यातल्या काही कोनफ्रारियांत, म्हणजे चर्चच्या धार्मिक बंधुसंघांत, तर सभासदत्वही जातीवरून ठरत आले, आणि सोयरीक जुळवताना आजही पहिला प्रश्न कोणता विचारला जातो ते आपल्याला ठाऊक आहे. यशयाने सांगितलेली भिंत देवळाबाहेरच असते असे नाही.

देवळातच, घरातच राहूनही दूर असता येते, हे येशूने उधळ्या पुत्राच्या दाखल्यात सांगून ठेवले आहे. धाकटा मुलगा दूर देशी जातो, हे सर्वांना दिसते. थोरला कधीच घर सोडत नाही, एकही आज्ञा मोडत नाही, आणि तरी दाखल्याच्या शेवटी घराबाहेर उभा आहे तो तोच. बापाशी बोलताना तो आपण इतकी वर्षे गुलामासारखे राबलो असा हिशेब मांडतो आणि भावाला 'हा तुझा मुलगा' म्हणतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. दोन्ही मुलांसाठी बापच घराबाहेर आलेला आहे, एकासाठी धावत आणि दुसऱ्यासाठी विनवणी करीत, आणि दुसऱ्याने काय उत्तर दिले ते येशूने सांगितलेले नाही.

पंडिता रमाबाई यांच्या आयुष्यातला एक टप्पा मला इथे आठवतो. आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पुराणे वाचत हिंडलेली, दुष्काळात ते दोघेही गमावलेली ही विदुषी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेते, परत येऊन १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढते, विधवांसाठी झिजते, साऱ्या देशाचा रोष पत्करते. या सर्वानंतर त्या आपल्या साक्षीत लिहितात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडलेला नाही. रमाबाईंसारख्या बाईने हे लिहावे! ज्यांच्या चांगुलपणाविषयी त्यांच्या विरोधकांनाही शंका नव्हती, त्यांनी स्वतःला दूर उभे असलेले पाहिले. चांगुलपणा हाही एक आडोसा होऊ शकतो, एदेनमधल्या कोणत्याही झाडाइतका दाट, हे त्यांना दिसले. त्यांनी आपल्या सेवेचा त्याग केला नाही. उलट १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुलींना केडगावला आणले ते त्यानंतरच. पुढे १९०५ मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत, आपापली पापे उघड कबूल करीत तासन् तास प्रार्थनेत राहिल्या. त्या काळच्या काही निरीक्षकांना तो भावनेचा उमाळा वाटला. दुष्काळाने, विधवापणाने, टाकून दिले जाण्याने ज्या मुली लहानपणापासून 'पापी' ठरवल्या गेल्या होत्या, त्यांना आपल्यावर लादलेले पाप आणि आपण केलेले पाप यांतला फरक पहिल्यांदा कळला असेल, आणि ज्याच्यापाशी ते बोलायचे तो ऐकून घालवून देत नाही हेही कळले असेल, असे मला वाटते. महाराष्ट्राला ही आस अपरिचित नव्हती. पांडुरंगापुढे स्वतःला पतित म्हणवणारे तुकाराम आपल्या कानांत होतेच, आणि मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी तर आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले आहे.

क्रुसापाशी ख्रिस्ती विश्वास जे सांगतो ते या सगळ्याहून धाडसाचे आहे. तिथे येशू बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ मोठ्याने उच्चारतो : माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ज्याने कधीच लपण्याचे कारण दिले नाही तो लपलेल्यांच्या जागी उभा राहून त्यांच्या तुटलेपणाची हाक स्वतःच्या तोंडाने मारतो. हे कसे घडले याचे स्पष्टीकरण देण्याचे प्रयत्न चर्चने पुष्कळ केले. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांनी देवाच्या मानाला पोहोचलेल्या बाधेची भरपाई या स्वरूपात ते मांडले, धर्मसुधारकांनी शिक्षा आणि न्याय यांच्या भाषेत मांडले, आणि त्यांच्याही आधी पूर्वेकडच्या आद्य धर्माचार्यांनी ते मृत्यूवरच्या विजयाच्या रूपात गायले. मला यातले प्रत्येक म्हणणे काहीतरी देते. फक्त एक गोष्ट मी कधीच मान्य करू शकत नाही, आणि ती म्हणजे रागावलेला पिता व मध्ये पडणारा दयाळू पुत्र असे दोन पक्ष करणारे प्रवचन. करिंथकरांना लिहिताना प्रेषित पौल म्हणतो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करीत होता. समेट घडवणारा देव आहे. रुसून बसलेल्या देवाची समजूत कोणी काढली असे तिथे लिहिलेले नाही. विनवणी आहे ती माणसांना, देवाशी समेट करा अशी.

त्याच घटकेला मंदिरातला पडदा फाटला असे मत्तय व मार्क सांगतात, आणि दोघेही वरून खालपर्यंत असे आवर्जून नोंदवतात. फाटण्याची सुरुवात माणसाचा हात पोहोचतो त्या बाजूने झाली नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात आणखी एक भिंत पडल्याचे सांगितले आहे, यहुदी आणि परराष्ट्रीय यांच्यामधली. आणि ते वाचताना मला इस्तंबूलमधला तो शिलालेख आठवल्याशिवाय राहत नाही, कारण त्रफिम नावाच्या इफिसकराला त्या कठड्याच्या आत नेल्याच्या संशयावरूनच पौलाला यरुशलेमेत धरले गेले होते. पडदा आणि कठडा, देवाकडची अडवणूक आणि शेजाऱ्याकडची अडवणूक, ख्रिस्ताच्या मरणात दोन्ही एकत्र गेली असे नव्या कराराचे म्हणणे आहे. त्यांपैकी एकच गेली असे मानणारा विश्वास मला अर्धा वाटतो.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायाअखेर पौल म्हणतो की मरण, जीवन, देवदूत, अधिपती, वर्तमान, भविष्य, बल, उंची, खोली किंवा दुसरी कोणतीही सृष्ट वस्तू आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाही. या यादीत पापाचे नाव नाही. ज्या एका गोष्टीने आपण वेगळे झालो असे सारे शास्त्र सांगत आले, तीच पौलाने वगळावी, हे मला एकेकाळी अस्वस्थ करीत असे; ती विसरला, की मुद्दाम टाळली? आता मी ते वाक्य त्याच्या आधीच्या ओळींपासून वाचतो. तिथे तो विचारतो, देवाच्या निवडलेल्यांवर दोषारोप कोण ठेवील, त्यांना दंडाज्ञा कोण करील, आणि उत्तर देतो की नीतिमान ठरवणारा देव आहे, जो मेला आणि उठला तो ख्रिस्त आपल्यासाठी मध्यस्थी करीत आहे. पापाचा प्रश्न त्याने यादीत घेतला नाही, कारण यादीला हात घालण्यापूर्वीच त्याने तो ख्रिस्ताकडे सोपवलेला होता. सातव्या अध्यायात 'मी किती कष्टी माणूस!' असे म्हणणारा, जे करू नये तेच करतो म्हणून स्वतःशी झगडणारा हाच पौल आहे, आणि आठव्या अध्यायापर्यंत त्याचा तो झगडा संपला असे त्याने कोठेही लिहिलेले नाही.